मेस्त्रींचं देणं

लालबाग-परळचा एखादा पोरगा मोटरसायकल घेऊन लेह-लडाखला निघाला की गल्लीत दोन गोष्टी ठरलेल्या. चिवडा गल्लीतून किलोकिलोच्या पिशव्या बांधून येतात, आणि कट्ट्यावरचा कुणीतरी जाणकार बजावतो, "वर गाडीला दम लागतो. प्रीमियमच भर. ऑक्टेन जास्त असलं की ताकद येते." चिवड्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या सल्ल्याच्या नादी मला ज्यांनी लागू दिलं नाही, त्यांचं देणं मात्र माझ्या डोक्यावर आहे. ते पेट्रोलपुरतं राहिलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

गल्लीत सगळे त्यांना मेस्त्रीच म्हणत. मूळचे सावंतवाडीकडचे, एका गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. भोंगे थांबले आणि ज्याला जे जमलं ते त्याने धरलं. कुणी गावाकडे जाऊन शेती पाहिली, कुणी भाजी विकली, घरोघरच्या बायकांनी खानावळी चालवून संसार ओढले. मेस्त्रींनी भारतमाता सिनेमाजवळच्या एका चाळीच्या जिन्याखाली पान्यांची पेटी उघडली. बोर्ड नव्हता, बिलबुक नव्हतं. गाडी स्टँडवर लावायची, मेस्त्री खाली बसणार, आणि इंजिन चालू करायला सांगून काही न बोलता ऐकत राहणार. बोलायचं ते गाडीने.

त्यांच्याकडे पद्मिनीवाले टॅक्सीवाले फार येत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या त्या गाड्या मुंबईच्या उकाड्यात कशाबशा तग धरत, पण मे महिन्यात लोणावळ्याचं भाडं लागलं की बोरघाटात हमखास बसत. टॅक्सीवाला परत आला की त्याची तक्रार ठरलेली, वाटेत भरलेलं पेट्रोल भेसळीचं होतं. मेस्त्री त्याच्या हातात एक फडका ठेवत. "पुढच्या टायमाला हा पाण्यात बुडव आणि पेट्रोलपंपावर गुंडाळ. रस्त्यावरच्या नाय, इंजिनावरच्या पंपावर." तो पंप इंजिनाला खेटून बसवलेला. घाटात इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होई, पंपाला ओढायला पातळ काही उरत नसे, आणि गाडी बंद. जसजसं वर जावं तसतसा हवेचा दाब कमी, म्हणजे पेट्रोल आणखी लवकर उकळणार. ओला फडका आणि थोडा वेळ सावली एवढ्यावर गाडी पुन्हा चालू होई. पेट्रोल निर्दोष सुटे.

गाडीचा दोष पेट्रोलवर आणि पेट्रोलचा दोष गाडीवर ढकलायची सवय तेव्हाही होती, आजही आहे. दोघांची उलटतपासणी कशी घ्यायची, ते मी त्या जिन्याखाली पाहिलं.

१९९८ च्या उन्हाळ्यात मी आणि माझा एक मित्र लेहला जायचं ठरवून बसलो होतो. माझ्याकडे जुनी साडेतीनशेची बुलेट, बिडाच्या इंजिनाची. मित्राकडे तशीच, फक्त रंग वेगळा. गाड्या सर्व्हिसिंगला घेऊन गेलो.

"खंय चल्लंस?" मेस्त्रींनी मान वर न करता विचारलं.

"लेह. तिथून खारदुंग ला."

"आणि पेट्रोल?"

उत्तर मित्राने दिलं. तेव्हा साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ८७ असे आणि मोजक्या पंपांवर ९३ चं मिळे. त्याने दिल्लीपासून ९३ च भरायचं ठरवलं होतं, चार पैसे जास्त गेले तरी चालतील म्हणाला.

मेस्त्रींनी आता मान वर केली. "कित्याक?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. मेस्त्रींनी माझ्या गाडीचं पॉइंटचं झाकण उघडलं, प्लेटचा स्क्रू सैल करून टायमिंग किंचित पुढे घेतलं, झाकण लावलं आणि मला मागे बसवून गाडी करी रोडच्या पुलाकडे काढली. चढ सुरू झाला तरी चौथा गिअर सोडला नाही, आणि ऐन चढावर एकदम रेस दिली. टाकीखालून बारीक खडखड ऐकू आली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. "ऐकलंस? हे नॉकिंग." खाली येऊन त्यांनी टायमिंग होतं तिथे आणलं आणि पुन्हा त्याच पुलावर, त्याच गिअरमध्ये, तशीच रेस दिली. खडखड गायब. टाकीत पेट्रोल तेच होतं.

मग जिन्याखाली बसून त्यांनी जे सांगितलं, ते मी पुढे पुस्तकांतून पडताळून पाहिलं आणि त्यात काही खोट निघाली नाही. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो. प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने दुसऱ्या बाजूला पसरत जाते. पण ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपलं आपण पेटलं, तर पिस्टनवर नको त्या वेळी फटका बसतो. तो आवाज म्हणजे नॉकिंग. पेट्रोल असं स्वतःहून पेटायला किती विरोध करतं, ते सांगणारा आकडा म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० धरलं आणि नॉर्मल हेप्टेनला ०. दाब कमीजास्त करता येणाऱ्या एकाच सिलिंडरच्या इंजिनावर पेट्रोलची या दोघांच्या मिश्रणाशी तुलना करून आकडा ठरतो. या आकड्यात ताकद कुठेच नाही. ९३ च्या लिटरमधून ८७ पेक्षा जास्त ऊर्जा मिळते असं नव्हे. ते फक्त जास्त दाब सोसतं.

"म्हणजे ज्याच्या इंजिनात दाब जास्त, त्याला मोठा आकडा," मेस्त्री म्हणाले. "तुझ्या इंजिनात दाब किती?" त्या बुलेटचं कॉम्प्रेशन जेमतेम साडेपाचास एक. आजच्या मोटरसायकली दहास एकच्या आसपास असतात. त्या गाडीला ८७ देखील भरपूर होतं.

"आणि वर?" मी विचारलं.

मेस्त्री स्वतः कधी आंबोलीच्या वर गेलेले नव्हते. बर्फ त्यांनी फक्त सरबताच्या गाडीवर पाहिला होता. पण आमच्या चाळीत साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार राहत. सैन्याच्या ईएमई दलात त्यांची हयात गेली होती, लडाखात जोंगा गाड्या दुरुस्त करण्यात काही हिवाळे गेले होते. मेस्त्री आणि हवालदार संध्याकाळी बाकावर बसत ते याच गप्पांसाठी. एकाने पाहिलेलं, दुसऱ्याने त्याचं कारण शोधलेलं. माझ्या पदरात पडलं ते त्या दोघांच्या बाकावरचं शहाणपण.

समुद्रसपाटीवर हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या साधारण ६५ टक्के लेहला, साडेतीन हजार मीटरवर. खारदुंग ला खिंडीत, आजच्या मोजणीप्रमाणे ५,३५९ मीटरवर, जवळपास निम्मा. तिथल्या पाटीवर तेव्हा १८,३८० फूट म्हणजे ५,६०० मीटर असं वाढवून लिहिलेलं असे, तो भाग वेगळा. पिस्टन खाली येताना सिलिंडरमध्ये हवा भरते ती या दाबाने. आत शिरणारी हवाच निम्मी, तर दाबून दाबून किती दाबली जाणार? सिलिंडरमधला दाब उतरतो आणि नॉकिंगचं भय कमी होतं. म्हणजे उंचावर ऑक्टेनची गरज वाढत नाही, घटते. गाडीला जो दम लागतो तो हवेसाठी. १८ अश्वशक्तीची बुलेट खारदुंग लावर नऊच्या आसपास उरते, आणि पेट्रोलचा आकडा कितीही चढवला तरी ती हवा परत येत नाही.

ही गोष्ट अमेरिकेत पंपावरच लिहिलेली दिसते. तिथे आकडा मोजायची रीत वेगळी आहे. सखल भागात साधं पेट्रोल त्या रीतीने ८७ चं, आणि कोलोरॅडो, युटासारख्या डोंगराळ राज्यांत ८५ चं. उंचावर कमी ऑक्टेन चालतं, हे कार्बोरेटरच्या जमान्यातलं ज्ञान तिथे अजून नळीतून वाहतं आहे. आपल्याकडे घाट चढायचा म्हणून लोक महागडी नळी उचलतात.

वर खरी अडचण निघते ती कार्बोरेटरची. त्याचं जेट समुद्रकिनाऱ्याच्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडतं. हवा विरळ झाली तरी जेटला त्याचा पत्ता नसतो. मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, प्लग काळा पडतो, गाडी मिसिंग मारते, धूर सोडते, आणि सकाळी किका मारून पाय भरून येतात. मेस्त्रींनी मूळच्यापेक्षा दोन नंबर लहान जेट आणून ठेवलं. कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत कापसात गुंडाळून ते माझ्या हातात दिलं. सोबत सूचना, एकेक बोट मोडून.

रोहतांग उतरल्यावर केलाँगला जेट बदल. एअर स्क्रू थोडा बाहेर काढ. प्लग बिस्किटी रंगाचा दिसला की थांब. पांढरा दिसला तर जास्त झालं, मागे फिर. एअर फिल्टर काढून हवा वाढवायची अक्कल कुणी शिकवली तर ऐकू नको. धूळ आत गेली की पिस्टन खलास. आणि परतताना मनालीला पहिलं जेट लावल्याशिवाय खाली एक किलोमीटरही जायचं नाही. लहान जेट घेऊन सखल भागात उतरलास तर पेट्रोल कमी पडेल, इंजिन तापेल, आणि तेव्हा नॉकिंग ऐकशील.

त्यानंतर त्यांनी जे वाक्य उच्चारलं, त्यासाठी हा सगळा लेख आहे. "पेट्रोल वरच्यासाठी निवडायचं नाय. खालच्यासाठी निवडायचं. सगळ्यात खाली, सगळ्यात गरम, आणि सगळ्यात जास्त ओझं घेऊन जिथे गाडी चढते, तिथे जे पुरतं, ते सगळीकडे पुरतं." आमच्या वाटेवर ते ठिकाण होतं अंबाला ते मंडी, जूनची दुपार, मागे बांधलेल्या बॅगांसह. खारदुंग ला त्या परीक्षेत बसतच नव्हता.

गाड्या मुंबई सेंट्रलहून पार्सलने दिल्लीला पाठवल्या. रेल्वेत गाडी चढवायची तर टाकी कोरडी करावी लागते. काढलेलं पेट्रोल मेस्त्रींच्या कॅनमध्ये गेलं. दिल्लीत मित्राने ठरल्याप्रमाणे ९३ भरलं, मी साधं. अंबाल्याच्या उन्हात दोघांच्याही इंजिनातून खडखड आली नाही. रोहतांगवर दोघांच्याही गाड्या सारख्याच धापा टाकू लागल्या.

केलाँगला भागा नदीच्या वर, रस्त्याकडेच्या कट्ट्यावर मी कार्बोरेटरची वाटी खोलली. थंडीत पेट्रोल बोटांना असं झोंबतं की काही क्षण बोटं आपली वाटत नाहीत. वाटीच्या वर मधोमध पितळी जेट, करंगळीच्या नखापेक्षा लहान, त्यावर सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून लालबागच्या हवेचा हिशेब काढून केलाँगच्या हवेचा बसवायचा होता. नवं जेट फिरवून बसवलं, वाटी लावली, किक मारली. पहिल्या फटक्याला इंजिन उठलं आणि त्याचा धडधडाट स्वच्छ आला. मित्राने आपला प्लग काढून पाहिला. ९३ चं पेट्रोल पिऊन तो कोळशासारखा झाला होता हे मी लिहीत नाही, कारण साध्या पेट्रोलवर माझाही तसाच झाला होता. फरक पेट्रोलने केला नव्हता.

केलाँगच्या अलीकडचा तांडीचा पंप ही तेव्हा त्या वाटेवरची शेवटची भरवशाची जागा. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी तिथली पाटी पुढे कित्येक वर्षं प्रसिद्ध होती. तिथे टाकी आणि कॅन गच्च भरायचे, पण कॅनमध्ये वर थोडी जागा सोडायची. उंची वाढेल तसा बंद कॅन फुगतो, आणि झाकण एकदम उघडलं तर पेट्रोल अंगावर येतं. ही सूचना हवालदारांची. त्यांनी गाड्या पुसायच्या मऊ कातड्याचा एक तुकडाही दिला होता. ते कातडं पेट्रोलने भिजवून त्यातून पेट्रोल गाळलं की पाणी वर अडतं. पेट्रोलचा आकडा नव्हे, त्यातलं पाणी आणि कचरा माणसाला डोंगरात अडकवतो, असं त्यांचं म्हणणं. सरचूच्या पुढे एका तंबूवाल्याकडून बाटल्यांतून पेट्रोल घ्यावं लागलं तेव्हा त्या कातड्यावर पाण्याचे थेंब लोळताना मी पाहिले.

जेट आणि सल्ल्याचे पैसे मेस्त्रींनी घेतले नव्हते. मागितली होती ती एक वही. गावाचं किंवा खिंडीचं नाव, उंची, प्लगचा रंग, सकाळी किती किका. "मी जाणार नाय. तू बघून ये." बारालाचा ला, पांग, तांगलांग ला, लेह, खारदुंग ला अशी पानं भरत गेली. परत आल्यावर त्यांनी ती वही गणपतीच्या वर्गणीचा हिशेब तपासावा तशी ओळीवर बोट ठेवून वाचली. तांगलांग लाशी बोट थांबलं. तिथे मी लिहिलं होतं, प्लग पुन्हा काळपट.

"म्हणजे जेट आणखी एक नंबर लहान हवं होतं," ते म्हणाले. आपला अंदाज एवढ्या उंचीला कमी पडला, याचा त्यांना आनंदच झाल्यासारखा दिसला. पुढच्या वर्षी निघालेल्या पोरांच्या डब्यांत दोन दोन जेटं होती.

मला ऋण वाटतं ते इथे. त्यांच्या पेटीवर एका विक्रेत्याने ऑक्टेन वाढवणाऱ्या औषधाच्या बाटल्या ठेवल्या होत्या. लेहला निघालेल्या पोराला एकेक बाटली खपवली असती तर महिन्याचं भाडं सुटलं असतं. घाबरलेलं गिऱ्हाईक भाव करत नाही. बाटल्यांवर धूळ चढली. गरज नसलेली वस्तू त्यांनी कुणाला विकली नाही, आणि असलेली गरज ओळखायची युक्ती फुकट वाटली. मी पुढे आयुष्य एका कंपनीच्या खरेदी विभागात काढलं. जास्त ताकदीची, जास्त आकड्याची, जास्त किमतीची यंत्रं दाखवायला येणाऱ्यांना मी मेस्त्रींचा प्रश्न प्रमाण मराठीत विचारत आलो. कशासाठी? ज्यांच्याकडे उत्तर होतं त्यांच्याकडून माल घेतला.

जिन्याची चाळ गेली, तिथे टॉवर आहे. मेस्त्री गावी गेले आणि तिथेच वारले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोलमधलं शिसं गेलं. शिसं घालून ऑक्टेन वाढवायचा उद्योग अमेरिकेत १९२० च्या दशकात सुरू झाला होता, आणि त्याने हवेत किती विष सोडलं ते जगाने उशिरा मोजलं. साधं पेट्रोल ८७ वरून ९१ वर आलं. ९५ चं, ९९ चं, डिसेंबर २०२० पासून १०० चंही मिळू लागलं. आता देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलं जातं. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर असल्याने साध्या पेट्रोलची नॉकिंग सोसायची कुवत आपोआप वाढली. ऊर्जा मात्र थोडी घटली, म्हणजे लिटरमागे गाडी कमी धावते. ऑक्टेन आणि ताकद या दोन वेगळ्या वस्तू आहेत, याचा याहून ढळढळीत पुरावा मेस्त्रींना मिळाला नसता. ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि ओला फडकाही निवृत्त झाला.

जेटही आता इतिहासजमा. इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि संगणक पेट्रोल आपसूक कमी करतो. पण मेस्त्रींचं वाक्य उभं आहे, आणि टर्बोच्या गाडीने त्याला नवी धार आणली आहे. टर्बो विरळ हवा स्वतः दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो, म्हणजे उंचीमुळे मिळणारी सूट बरीचशी काढून घेतो. तिथे पेट्रोलच्या झाकणाच्या आत कंपनीने छापलेला आकडा खालीही पाळायचा आणि वरही. ९१ छापलं असेल तर ९१ पुरे, ९५ छापलं असेल तर ९५ च. साध्या इंजिनाला छापल्याहून मोठा आकडा भरून डोंगर सोपा होत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाची टर्बोची गाडी घेऊन स्पितीला निघाली. चंडीगडच्या पंपावरून तिचा फोन. "मामा, इथे शंभरवालं आहे. भरू?"

"झाकणाच्या आत काय लिहिलंय?"

"एक्याण्णव."

"मग कशासाठी?"

ती हसली आणि तिने साधं भरायला सांगितलं. वाचलेल्या पैशांचा हिशेब मी मागितला नाही. वही मागितली: जागा, उंची, चढावर गाडीने कुठे मान टाकली, सकाळी किती वेळात उठली. परत आली तेव्हा तिने फोनवर भरलेला तक्ता पाठवला. एका ओळीत कुंझुम लाच्या चढावर टर्बो जागा व्हायला नेहमीपेक्षा उशीर झाला, असं लिहिलं होतं. हे माझ्या माहितीत नव्हतं. ज्या एक्झॉस्टच्या जोरावर टर्बो फिरतो, तोच विरळ हवेत सुरुवातीला कमी पडतो, हे कारण मी दोन दिवसांत शोधून काढलं. परळचे दोघे पोरगे पुढच्या जूनमध्ये तसलीच गाडी घेऊन निघणार आहेत. त्यांना ही ओळ आधीच पाठवली आहे.